नाइटला हाताशी माणसं कमी असताना कुठलं काम कुणाला द्यायचं, आणि बिघडलं तर जबाबदार कोण?

सिस्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला बरोबर समजलंय का ते कळेल आणि बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या), नोकरीला अजून वर्ष व्हायचंय, तीस बेडचा मेडिकल वॉर्ड, रात्री ८ ते सकाळी ८ ड्युटी, सोबत एक एएनएम (त्याहून छोटा नर्सिंग कोर्स केलेल्या) सिस्टर आणि एक मावशी, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस. एका पेशंटच्या युरोबॅगवर (लघवीच्या पिशवीवर) लक्ष ठेवायला तुम्ही मावशींना सांगितलं, सकाळी त्या म्हणाल्या ४००, तुम्ही चार्टवर ४०० लिहिलं. राउंडला कळलं की संध्याकाळी बॅग रिकामीच केली नव्हती, त्यात आधीचेच ३५० होते. म्हणजे रात्रभरात फक्त ५० मिली. डॉक्टर ओरडले, इनचार्ज म्हणाल्या यापुढे सगळं स्वतः करायचं. आणि तुम्ही विचारताय की तीस पेशंटचं सगळं स्वतः कसं करणार, मावशींना काय सांगायचं काय नाही, आणि मावशी चुकल्या तर दोष माझा कसा.

पहिली गोष्ट, मावशी चुकल्या असं मला वाटत नाही. बॅगेत ४०० होते आणि त्यांनी ४००च सांगितले. बॅग कधी रिकामी करायची, किती वाजल्यापासूनचं मोजायचं, किती कमी झालं तर तुम्हाला उठून येऊन सांगायचं, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि हा आकडा फसवा का होता तेही बघा. पेशंट साधारण ६० किलोचा धरला तर लघवी किमान अर्धा मिली दर किलोला दर तासाला, म्हणजे तासाला ३०, बारा तासांचे ३६०. त्यामुळे ४०० आकडा कागदावर अगदी व्यवस्थित दिसतो, कुणालाच शंका येत नाही. तो आकडा कुठून सुरू झाला हे ज्याला विचारता येतं तोच तो पकडू शकतो, आणि ते विचारणं हे सिस्टरचं काम आहे, मावशींचं नाही. तुमचा खरा प्रॉब्लेम इथे आहे. काम दिलं हे चुकीचं नव्हतं, बॅगेकडे बघायला मावशींना जरूर सांगावं. कामासोबत विचार करायचा भागही नकळत त्यांच्याकडे गेला, तो जायला नको होता.

आता हे सगळं परिस्थितीवर खूप अवलंबून आहे हे आधीच सांगते. तुमचं हॉस्पिटल सरकारी आहे, ट्रस्टचं आहे की छोटं नर्सिंग होम, मावशी नुसत्या अनुभवाने शिकलेल्या आहेत की जीडीएचा (पेशंटच्या मदतनीसाचा) कोर्स केलेल्या, लेखी पॉलिसी आहे का, नाइटला आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) वॉर्डात असतो की फोनवर, यावर उत्तरं बदलतात. मी आधी मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आणि नंतर ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इनचार्ज म्हणून काम केलंय, त्यामुळे माझं बोलणं जनरल वॉर्डाबद्दल आहे, आयसीयू किंवा लेबर रूमला हे जसंच्या तसं लावू नका. आणि तुमच्या हॉस्पिटलची पॉलिसी मी सांगितलं त्याहून कडक असेल तर पॉलिसी पाळायची, माझं ऐकायचं नाही.

अमेरिकेत नर्सिंगमध्ये पाच गोष्टी शिकवतात: योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य माणूस, योग्य सूचना, योग्य देखरेख. चांगलं आहे, पाठ करायलाही सोपं आहे. पण माझ्या अनुभवात नवीन मुली सुरुवात "योग्य माणूस" पासून करतात, म्हणजे मावशींना जमतं का, मामांना (वॉर्डबॉयना) जमतं का, आणि तिथेच अडकतात. मी नेहमी सांगते की सुरुवात पेशंटपासून करा. आत्ता, या तासाला, हा पेशंट कसा आहे? तेच काम एका बेडवर मावशींना देता येतं आणि शेजारच्या बेडवर देता येत नाही.

पावसाळ्यातलं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर मेडिकल वॉर्ड डेंग्यूने भरलेले असतात. मशीनने बीपी घेणं हे काम शिकवलेली जीडीए मुलगी उत्तम करते, उद्या डिस्चार्ज असलेल्या पेशंटचं बीपी तिने घेतलं तर काहीच बिघडत नाही. पण डेंग्यूचा पेशंट, चौथा-पाचवा दिवस, ताप नुकताच उतरलाय, घरचे खुश आहेत, आणि मुलगी येऊन सांगते "सिस्टर, बीपी १००/८५, नॉर्मल आहे." वरचा आकडा १०० म्हणून तिला नॉर्मल वाटला. वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर १५ आहे, ते २० किंवा त्याच्या खाली आलं की पेशंट शॉककडे चाललाय, हे तिला कुणी शिकवलेलं नाही आणि शिकवायची अपेक्षाही नाही. ताप उतरतो तोच काळ डेंग्यूत धोक्याचा असतो. म्हणून त्या पेशंटचं बीपी स्वतः घ्यायचं, हात लावून बघायचं की हातपाय गार पडलेत का, पोटात दुखतंय का, उलट्या होतायत का विचारायचं. मशीनचं बटण कुणीही दाबेल हो, पण त्या पाच मिनिटांत तुम्ही जे बघता ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी: ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून वॉर्डाचा ताबा) घेतल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सगळे पेशंट मी स्वतः बघायचे, कितीही घाई असली तरी. तीस पेशंट म्हणजे प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट, तेवढ्यात चेहरा, श्वास, सलाईन, युरोबॅग, ऑक्सिजन एवढं दिसतं. त्यातून चार-पाच पेशंट असे निघतात ज्यांचं सगळं मी स्वतः बघणार, काहीही झालं तरी. बाकीच्यांची कामं वाटता येतात. ही नजर टाकायच्या आधी कामं वाटली की पुढे सगळा अंदाज चुकतो, आणि तुमच्या त्या रात्री बहुतेक हेच झालं असणार, कारण ८ वाजता बॅग दिसली असती तर तिथेच रिकामी करून वेळ लिहिली गेली असती.

काय द्यायचं नाही ते पटकन सांगते. नवीन अ‍ॅडमिशनची पहिली तपासणी, ओटीतून किंवा आयसीयूतून आलेल्या पेशंटचे पहिले व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप), कुठलंही औषध, इन्सुलिन-हेपॅरिन-केसीएल (पोटॅशियमचं इंजेक्शन) तर लांबचीच गोष्ट, ही हाय अलर्ट (चुकलं तर जिवावर बेतणारी) औषधं सोबतच्या सिस्टरलासुद्धा दाखवून मगच द्यायची. रक्त चढवताना दोघींनी मिळून पिशवी तपासायची आणि पहिली १५ मिनिटं तुम्ही पेशंटजवळच, "मावशी जरा बघा हं" म्हणून निघून जायचं नाही. पेशंट नवीन काही तक्रार सांगतोय, छातीत जड वाटतंय, घाम आलाय, बडबड वेगळीच करतोय, तर बघायला स्वतः जायचं. नातेवाइकांना आजाराबद्दल सांगणं, डिस्चार्जच्या गोळ्या समजावणं हेही स्वतः.

काय देता येतं ते यापेक्षा खूप जास्त आहे आणि ते द्यावंच. स्पंजिंग, बेड बदलणं, स्थिर पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलणं, नीट गिळता येणाऱ्यांना भरवणं, बेडपॅन, युरोबॅग रिकामी करून मोजणं, सॅम्पल लॅबला नेणं. ग्लुकोमीटरवर शुगर बघणं बऱ्याच ठिकाणी जीडीएला शिकवलेलं असतं, ते दिलं तरी दोन गोष्टी आधी सांगा: बोट धुऊन पुसून घ्यायचं (संत्रं सोललेल्या बोटावर शुगर वाढलेली येते, आम्ही बघितलीये), आणि ७० च्या खाली आली तर कागदावर लिहीत बसायचं नाही, धावत येऊन सांगायचं. इन्सुलिन किती आणि द्यायचं का, हा निर्णय त्यांच्याकडे जातच नाही.

आता सूचना कशी द्यायची. माझ्या मते नव्वद टक्के गडबड इथेच होते म्हणून यावर जरा जास्त लिहिते. "मावशी, सात नंबरचं युरिन बघा जरा" ही सूचना म्हणजे अर्धीच सूचना आहे. पूर्ण सूचना अशी असते: "मावशी, सात नंबरच्या काकांची बॅग मी आत्ता साडेआठला रिकामी केली. तुम्ही साडेदहाला, साडेबाराला असं दर दोन तासांनी भांड्यात मोजून रिकामी करा आणि या कागदावर वेळ आणि आकडा लिहा. दोन तासांत साठपेक्षा कमी आलं, किंवा लाल दिसलं, किंवा काहीच आलं नाही, तर मी कुठेही असले तरी लगेच येऊन सांगा. झोपलेली दिसले तरी उठवा." यात चार गोष्टी आल्या: नेमकं काय, कधी, कितीच्या खाली गेलं तर परत यायचं, आणि आल्यावर मी रागवणार नाही याचा भरवसा. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. मावशी येऊन सांगत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, आधी कधीतरी सांगायला आल्यावर कुणीतरी "आत्ता वेळ नाही, नंतर" म्हणून झिडकारलेलं असतं. वाचता येत नसेल तर कागदाऐवजी भांड्यावर स्केच पेनने खूण करून द्या, "या रेघेपर्यंत यायला पाहिजे, नाही आलं तर मला बोलवा". हे फार चांगलं चालतं.

मग त्यांना परत म्हणून दाखवायला सांगायचं. इथे तुम्ही अडखळाल, कारण मावशी तुमच्या आईच्या वयाच्या, वॉर्डात तुमच्या आधीपासून, आणि तुम्ही त्यांची परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. मी असं म्हणते: "मावशी, मी घाईत नीट सांगितलं का बघा बरं, काय काय सांगितलं मी?" म्हणजे तपासणी माझ्या सांगण्याची होते, त्यांच्या समजण्याची नाही. आणि "अहो मावशी, तुम्ही" असंच बोलायचं. वॉर्डात काही सिस्टर मावशींना अरे-तुरे करतात, ते मला कधीच पटलं नाही, आणि त्याचा थेट परिणाम पेशंटवर होतो, कारण अपमान झालेला माणूस रात्री तीन वाजता तुम्हाला उठवायला येत नाही.

त्यांनी "हे मला जमत नाही" म्हटलं तर त्याला नकार समजू नका. ही फार मोलाची माहिती आहे. "बरं झालं सांगितलंत" म्हणा, ते काम स्वतः करा आणि दिवसा वेळ असेल तेव्हा शिकवा.

काम दिल्यावर बघायला परत जायचं. रात्रभर मागे उभं राहायचं असं नाही, पण पहिल्या वेळेला, म्हणजे साडेदहाच्या मोजणीला, स्वतः जाऊन बघायचं की भांड्यात मोजलं की बॅगेवरच्या रेघांवरून अंदाजे सांगितलं. पहिली वेळ नीट झाली तर पुढे विश्वास ठेवता येतो. आणि आकडा चार्टवर चढवताना मागच्या आकड्याशी लावून बघायचा. आपण न बघितलेली गोष्ट आपण बघितल्यासारखी लिहायची नाही.

आता नातेवाईक. तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलं नाही, पण आपल्या वॉर्डांमध्ये सगळ्यात जास्त कामं आपण कळत-नकळत त्यांनाच दिलेली असतात. सलाईन संपत आलं की सांगा, बाबांना भरवा, कूस बदला, ऑक्सिजनचा मास्क सरकला तर लावा. माणसं कमी आहेत, हे होणारच, आणि आपल्या माणसाची सेवा करावी असं त्यांनाही वाटत असतं, त्यात वाईट काही नाही. पण मावशी निदान दहा वर्षं वॉर्ड बघतायत, हा मुलगा काल पहिल्यांदा हॉस्पिटलात आलाय. अर्धांगवायूच्या पेशंटची गिळण्याची तपासणी झालेली नसते, पेशंट डोळे उघडून बघतो म्हणून सकाळी सहाला घरचे प्रेमाने चहात बिस्किट बुडवून भरवतात, ते श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. किडनीच्या पेशंटला, पोटॅशियम आधीच वाढलेलं, अशक्तपणा जावा म्हणून नारळपाणी. सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) आजोबांना दम लागला की मुलगा ऑक्सिजनचं चाक उघडून आठ-दहा लिटर करतो, त्याला वाटतं जास्त दिला की बरं, तर अशा पेशंटचं सॅच्युरेशन डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ मध्येच ठेवत असतात, भरमसाट ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो, आणि घरच्यांना वाटतं चला, बाबांना शांत झोप लागली. यातलं काहीच त्यांनी वाईट हेतूने केलेलं नसतं, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. म्हणून नातेवाइकांना काम सांगताना "काय करा" पेक्षा "कशाला हात लावू नका" हे आधी सांगा: सलाईनचं चाक, ऑक्सिजनचं चाक, नाकातली नळी, आणि विचारल्याशिवाय तोंडाने काहीही नाही. बेडच्या डोक्याशी "तोंडाने काही देऊ नये" असा मराठीत कागद लावा, तुमच्या भागात लागत असेल तर हिंदीतही, एनबीएम लिहिलेला कागद नातेवाइकांना कळत नाही. रात्री माणूस बदलतो, मुलगा जातो आणि जावई येतो, त्यामुळे परत सांगायचं. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) फीड देणं मी नातेवाइकांना फक्त घरी जायच्या आधी शिकवताना करू देते, तेही मी समोर उभी राहून, पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश वर आहे आणि नळी जागेवर आहे हे स्वतः बघून.

स्टुडंट्सबद्दल थोडक्यात. थर्ड इयरची मुलगी हुशार असली तरी ती शिकायला आलीये, तुमच्या मनुष्यबळात मोजायची नाही. तिने आधी तुमच्यासमोर केलेलं कामच तिला द्यायचं, आणि इंजेक्शन एकटीने कधीच नाही.

एएनएम सिस्टरचं वेगळं आहे. त्या रजिस्टर्ड आहेत, अनुभव तुमच्यापेक्षा जास्त असेल. तुम्ही दोघींनी कामं वाटून घेता का, म्हणजे एकीने सगळी इंजेक्शनं आणि दुसरीने सगळे बीपी? बऱ्याच वॉर्डांत असंच चालतं आणि घाईच्या वेळी सोपंही पडतं, पण मला ते आवडत नाही, कारण मग कुठल्याच पेशंटचं पूर्ण चित्र कुणा एकीच्या डोक्यात राहत नाही. बीपीवालीला बीपी कमी दिसतं, इंजेक्शनवालीला लघवी कमी झालेली कळते, आणि दोन्ही एकत्र कुणीच जोडत नाही. त्यापेक्षा पेशंट वाटून घ्या, गंभीर असलेले तुमच्या बाजूला, स्थिर असलेले त्यांच्या बाजूला, आणि मध्यरात्री एकदा पाच मिनिटं बसून एकमेकींना सांगा. त्यांना विचारताना मोकळेपणाने विचारा, "ताई, तुम्हाला यातलं काय सोयीचं?" असं. वयाने मोठ्या असल्या तरी बहुतेक जणी मदतच करतात.

आणि मामा पेशंटला सीटीला नेतायत, ऑक्सिजन चालू आहे, तर सिलिंडरचा काटा तुम्ही बघा आणि पेशंटसोबत सिस्टर किंवा डॉक्टर जायलाच हवेत. वॉर्ड रिकामा पडतो म्हणून एकट्या मामांना पाठवायची वेळ आली तर आरएमओला फोन करून सीटी थांबवता येते का विचारा. तुमच्याकडे वरून येणारं कामही असंच तपासायचं. डॉक्टर फोनवर ऑर्डर सांगतात तेव्हा ती परत वाचून दाखवा आणि आल्यावर सही घ्या, आणि तुम्ही कधी न केलेलं काम "करून टाका" म्हणाले तर "सर, मी हे केलेलं नाही, तुम्ही या, मी सोबत उभी राहते" एवढं स्पष्ट सांगायला लाजू नका.

आता दोष कुणाचा. रजिस्ट्रेशन तुमचं आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव तुमचं आहे, मावशींचं नाही. सूचना पूर्ण दिली, माणूस योग्य निवडला, परत जाऊन बघितलं आणि तरी कुणी मोजलंच नाही आणि खोटा आकडा सांगितला, तर तो त्यांचा दोष. पण काय द्यायचं, कुणाला द्यायचं आणि निकाल तपासायचा का, हे तीन निर्णय कायम तुमचे. आपल्या ज्या मुली इंग्लंडला एनएचएसमध्ये जातात त्यांनाही हेच पाळावं लागतं, तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की समोरच्याला जमेल तेवढंच काम द्या, त्याला देखरेख आणि आधार द्या, आणि झालेलं काम ठीक आहे याची खात्री करा. त्यामुळे तुमच्या इनचार्जचा राग मला समजतो, पण "सगळं स्वतः करा" हा उपाय मला पटत नाही. तीस पेशंटचं स्पंजिंगही तुम्ही करणार आणि डेंग्यूच्या पेशंटजवळही तुम्हीच उभ्या राहणार, हे होत नाही, आणि मग जे राहून जातं ते नेमकं बघण्याचं काम असतं.

त्यांच्याशी राउंडच्या गडबडीत नको, दुपारी बोला. स्वतःचा बचाव न करता काय घडलं ते सांगा आणि दोन गोष्टी मागा: प्रत्येक ड्युटी बदलताना दोन्ही बाजूच्या सिस्टरने मिळून युरोबॅग रिकामी करून वेळ लिहायची असा वॉर्डाचा नियम, आणि मावशी, मामा, जीडीए यांनी काय करायचं काय नाही याचा लेखी कागद. तुमच्या हॉस्पिटलला एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) असेल तर प्रत्येकाच्या कामाचं वर्णन लेखी असायलाच हवं, मेट्रन ऑफिसला विचारा. तो कागद हातात आला की आधी बघा त्यात ग्लुकोमीटर आणि बीपी मशीन मावशींच्या कामात धरलंय की नाही, कारण वर मी लिहिलेल्यातला तेवढा भाग त्यानुसार बदलेल. आणि मावशींना मात्र आज रात्रीच सांगा की त्यांचा ४०० आकडा बरोबर होता, बॅग आधी रिकामी झाली नव्हती एवढंच.